पिल्लाचं आणि कुत्र्याचं खाणं कसं निवडावं: किनारपट्टीवरच्या घरांसाठी क्रमवार मार्गदर्शन

कुत्र्याचं खाणं ठरवताना बहुतेक घरांत सुरुवातच उलट्या टोकाने होते. पिल्लू घरी येतं. दोन दिवसांत कुणीतरी सावंतवाडीहून नाहीतर चिपळूणहून येताना दुकानदाराने पुढे केलेली पिशवी घेऊन येतं. ती पडवीत उघड्या तोंडाने पडून राहते, हाताला येईल तेवढं वाडग्यात पडतं आणि महिन्याभरात जुलाब, खाज किंवा खुंटलेली वाढ दिसली की पिशवी बदलली जाते. काही घरांत पिशवी नसतेच, उरलेला भात आणि त्यावर माशाचं पाणी असतं. दोन्हीकडे चूक क्रमाची आहे. आधी कुत्रा तपासायचा, मग खाण्याचा प्रकार ठरवायचा, त्यानंतर लेबल, माप, साठवण, आणि सगळ्यात शेवटी हळूहळू बदल. एक पायरी गाळली की पुढच्या पायरीचा अंदाज चुकतो.

## आधी जमवायचं सामान

ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला काटा, घट्ट झाकणाचा डबा किंवा ड्रम, स्टीलची दोन भांडी (एक खाण्याचं, एक पाण्याचं) आणि एक वही. काटा नसेल तर आधी तो घ्या. वाटीने मोजलेल्या खाण्यात रोज फरक पडतो आणि लहान पिल्लाच्या बाबतीत तो फरक मोठा ठरतो.

## पायरी १: कुत्रा तपासा

वजन. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. उचलता न येणारा कुत्रा असेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. अंदाजाने लिहू नका. पुढचं सगळं गणित या आकड्यावर उभं आहे.

अंगलट. वजन एकटं पुरत नाही. दोन्ही हातांचे तळवे छातीच्या दोन बाजूंना ठेवून बोटं हलकेच फिरवा. बरगड्या दाब न देता हाताला लागल्या पाहिजेत, पण लांबून मोजता येतील इतक्या वर आलेल्या नकोत. कुत्र्याच्या वर उभं राहून पाहिलं तर बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसावी, आणि बाजूने पाहिलं तर पोट मागे वर चढत गेलेलं दिसावं. बरगड्या शोधायला बोटं रुतवावी लागत असतील तर कुत्रा जाड आहे. आपल्याकडे त्याला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून कौतुक होतं, आणि त्याचे सांधे मात्र ते ओझं वाहत असतात.

जंत. पिल्लांना वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, तीन महिन्यांपर्यंत जंतांचं औषध लागतं, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा. ते झालं नसेल तर आधी ते करा. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र टम्म, अशा पिल्लाला कितीही महागडं खाणं घातलं तरी अंगी लागत नाही.

गोचीड. कान आतून, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीच्या बुडाशी पाहा. गोचीड-तापात कुत्रा पहिल्यांदा जेवण सोडतो. मालक म्हणतो ‘याला हे खाणं आवडत नाही’ आणि पिशवी बदलतो. दोन दिवस जेवण नाही, अंग गरम, हिरड्या फिकट, अशी चिन्हं असतील तर खाद्याचा विचार बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

> तपासा: वहीत वय, वजन, अंगलट, शेवटच्या जंतांच्या औषधाची तारीख आणि मोठेपणीचा अंदाजे आकार लिहिला का? गावठी, मध्यम चणीचा, की लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्डसारखा मोठा? पायरी ३ मध्ये हे लागणार आहे.

## पायरी २: तयार खाद्य, घरचं जेवण, की दोन्ही?

माझं मत सरळ सांगतो. एक वर्षाच्या आतल्या पिल्लाला संपूर्ण पोषण देणारं तयार पिल्लू-खाद्य द्या. वाढत्या हाडांना लागणारं कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण घरच्या चुलीवर अंदाजाने जमत नाही. मोठ्या कुत्र्याला घरचं जेवण जमू शकतं, पण ते त्याच्यासाठी वेगळं शिजवलेलं हवं. आपल्या ताटातलं उरलेलं म्हणजे घरचं जेवण नव्हे.

भात आणि माशाच्या पाण्याचं काय होतं ते नीट समजून घ्या. उकड्या तांदळाचा भात किंवा पेज ताकद देते, पोट भरते, पण तिच्यात प्रथिनं थोडी आणि कॅल्शियम नावापुरतं. माशाच्या पाण्यात वास असतो, चव असते, पण मास आपल्या ताटात गेलेलं असतं. देवगडकडच्या एका वाडीतलं पिल्लू मी पाहिलं आहे. चार महिन्यांचं, केस निस्तेज, पुढचे दोन्ही पाय मनगटाशी बाहेर वाकलेले, खळ्यात चालताना पंजा सपाट पडायचा. घरच्यांनी त्याला कधी उपाशी ठेवलं नव्हतं. दोन्ही वेळा पोटभर भात मिळत होता, आणि नेमकं म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही.

नुसतं मांस घालणाऱ्यांचीही हीच गत होते. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी. ते असंतुलन भरून काढायला शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. कोंबडीचं निव्वळ मांस खाणाऱ्या पिल्लांची हाडं म्हणूनच ठिसूळ होतात.

‘अर्धं पाकिटातलं, अर्धा भात’ हा मधला मार्ग लोकांना सोयीचा वाटतो. मात्र त्यात पाकिटातलं मोजून घातलेलं पोषण अर्धं होतं आणि भात ते भरून काढत नाही. वरखाणं, म्हणजे अंडं, मासा, भात, भाकरीचा तुकडा, बिस्किट हे सगळं मिळून दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहाव्या भागापेक्षा जास्त जाऊ देऊ नका.

घर शाकाहारी असेल तर तेही अडचणीचं नाही. कुत्रा मांजरासारखा केवळ मांसावर जगणारा प्राणी नाही, पिष्टमय पदार्थ तो चांगले पचवतो. शाकाहारी तयार खाद्य संपूर्ण पोषणाचं असेल तर मोठ्या कुत्र्याला चालतं. वरण-भात-तूप मात्र त्याची जागा घेऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच ठरवा: तुमच्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळ जाते? चार दिवसांचं शिजवून फ्रीजमध्ये ठेवायचा बेत वादळवाऱ्यात कोलमडतो. वीज बेभरवशाची असेल तर रोजच्या रोज शिजवायची तयारी हवी, नाहीतर जून ते सप्टेंबर सरळ कोरडं तयार खाद्य वापरा.

> थांबा: डोळे न उघडलेलं किंवा तीन आठवड्यांच्या आतलं आईविना पिल्लू असेल तर हा लेख पुढे लावू नका. त्याला पिल्लांसाठीची दूध-पावडर लागते, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने. आणि दूध सुटलेल्या पिल्लाला गाई-म्हशीचं दूध वाडगाभर देऊ नका. त्यातली दुग्धशर्करा पचवायची ताकद कमी होत जाते आणि जुलाब लागतात.

## पायरी ३: लेबल या क्रमाने वाचा

पिशवीच्या दर्शनी बाजूवर चकाकणारा कुत्रा आणि मांसाचे तुकडे असतात. ती बाजू सोडा, पिशवी उलटी करा.

पहिल्यांदा वय आणि ‘संपूर्ण’ हा शब्द. हे खाद्य संपूर्ण आणि संतुलित आहे, आणि ते कोणत्या वयासाठी आहे, असं वाक्य छापलेलं असलं पाहिजे. ‘पूरक खाद्य’ किंवा ‘ट्रीट’ लिहिलेलं असेल तर ते रोजच्या जेवणासाठी नाही. प्रौढांचं खाद्य पिल्लाला आणि पिल्लाचं खाद्य जाड कुत्र्याला, ही अदलाबदल बचत म्हणून सर्रास होते आणि अंगाशी येते.

मग आकडे. भारतात मिळणाऱ्या बऱ्याच पिशव्यांवर अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या मानकांचा उल्लेख असतो. त्या मानकांनुसार, पाण्याचा अंश वगळून, पिल्लाच्या खाद्यात किमान २२.५ टक्के प्रथिनं आणि ८.५ टक्के स्निग्धांश लागतो. प्रौढासाठी हेच आकडे १८ आणि ५.५ टक्के आहेत. ही किमान मर्यादा आहे, त्याच्या खालचं काही घेऊ नका.

‘पाण्याचा अंश वगळून’ हे महत्त्वाचं. कोरड्या खाद्यात साधारण १० टक्के पाणी असतं, डब्यातल्या ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के. म्हणून ओल्या डब्यावर ९ टक्के प्रथिनं दिसली की लोक तो हलका समजतात. हिशेब असा करा: डब्यात ८० टक्के पाणी, म्हणजे कोरडा भाग २०. नऊ भागिले वीस, गुणिले शंभर, म्हणजे ४५ टक्के. कोरड्या पिशवीवरचे २४ टक्के याच रीतीने सुमारे २७ टक्के होतात. तुलना या आकड्यांची करा.

मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर कॅल्शियम. मोठेपणी तीस किलोच्या पुढे जाणाऱ्या पिल्लांना कॅल्शियम कमी पडणं जितकं वाईट तितकंच जास्त होणंही. त्याच मानकांत पिल्लांसाठी किमान १.२ टक्के आणि मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी कमाल १.८ टक्के अशी मर्यादा आहे. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं खाद्य घ्या, आणि वर कॅल्शियमची बाटली चालू करू नका. ‘हाडं मजबूत व्हावीत’ म्हणून सरसकट दिलेलं कॅल्शियम लॅब्रेडॉरच्या पिल्लाचे सांधे बिघडवतं. संपूर्ण खाद्य चालू असताना वरचं कॅल्शियम डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.

घटकांची यादी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या दोन-तीन नावांत मांस, मासळी, अंडं किंवा त्यांची पूड असावी आणि कोणत्या प्राण्याची ते लिहिलेलं असावं. नुसतं ‘प्राणिजन्य पदार्थ’ म्हणजे कुणाचं काय, ते कळत नाही. ताज्या मांसात पाणी बरंच असतं, त्यामुळे ते यादीत वर दिसतं. कोंबडीची वाळवलेली पूड दुसऱ्या क्रमांकावर असली तरी प्रथिनं तिच्यातून जास्त मिळू शकतात. ‘चिकन फ्लेवर’ वाचून कोंबडी किती आहे हे कळत नाही, चव कसली आहे एवढंच कळतं.

धान्यविरहित खाद्याच्या मागे लागू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली अशा काही खाद्यांचा आणि कुत्र्यांच्या हृदयविकाराचा संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. नेमकं कारण ठरलेलं नाही, पण सुदृढ कुत्र्याला तांदूळ-नाचणी सोसत असताना जास्त पैसे मोजून ते टाळण्याचं कारणही नाही.

कॅलरी. शंभर ग्रॅममध्ये किंवा किलोमध्ये किती किलोकॅलरी, हा आकडा वहीत उतरवा. छापलेला नसेल तर काढता येतो. शंभरातून प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, पाणी आणि राख (म्हणजे खनिजांचा अंश) वजा करा, उरतात ती कर्बोदकं. प्रथिनं आणि कर्बोदकं प्रत्येकी ३.५ ने गुणा, स्निग्धांश ८.५ ने, आणि बेरीज करा. प्रथिनं २२, स्निग्धांश १०, तंतू ४, पाणी १०, राख ८ असेल तर कर्बोदकं ४६; म्हणजे ७७ + ८५ + १६१ = ३२३ किलोकॅलरी, शंभर ग्रॅमला.

शेवटी तारीख. उत्पादनाची तारीख, वापरायची मुदत आणि बॅच क्रमांक. मुदत संपायला किमान चार-सहा महिने असलेली पिशवी घ्या. पिशवीला टाचणीएवढं छिद्र असलं तरी नको.

> थांबा: गोणीतून काढून किलोवर विकलं जाणारं सुटं खाद्य किनारपट्टीवर घेऊ नका, निदान पावसाळ्यात तरी नाहीच. त्याला तारीख नाही, बॅच नाही, आणि गोणी कधी उघडली हे कुणालाच माहीत नाही.

## पायरी ४: माप काढा

पिशवीवरचा तक्ता सुरुवातीपुरता ठीक असतो. स्वतःच्या कुत्र्याचं माप असं काढा.

मोबाइलच्या गणकयंत्रात कुत्र्याच्या वजनाचा (किलोमध्ये) घन करा, म्हणजे वजन गुणिले वजन गुणिले वजन. त्याचं वर्गमूळ दोनदा काढा. आलेल्या आकड्याला ७० ने गुणा. ही स्वस्थ पडून राहणाऱ्या कुत्र्याची दिवसाची गरज. मग ती पुढच्या आकड्याने गुणा:

- चार महिन्यांच्या आतलं पिल्लू: ३
- चार महिन्यांपासून वाढ पूर्ण होईपर्यंत: २
- नसबंदी झालेला प्रौढ: १.६
- नसबंदी न झालेला प्रौढ: १.८

उदाहरणार्थ, १५ किलोचा, नसबंदी झालेला गावठी कुत्रा. घन ३३७५, दोनदा वर्गमूळ ७.६२, गुणिले ७० म्हणजे ५३३. गुणिले १.६ म्हणजे सुमारे ८५० किलोकॅलरी. खाद्यात शंभर ग्रॅमला ३६० असतील तर दिवसाला सुमारे २३५ ग्रॅम. ५ किलोच्या तीन महिन्यांच्या पिल्लाला साधारण ७०० किलोकॅलरी लागतात. आकाराने तिप्पट कुत्र्याच्या जवळपास तेवढंच! पिल्लाला ‘लहान आहे, थोडंसंच पुरे’ म्हणणारे इथे चुकतात.

पिल्लाचं वजन दर आठवड्याला बदलतं, म्हणून मापही दर आठवड्याला नव्याने काढा. दिवसाचं एकूण माप तीन महिन्यांपर्यंत चार वेळांत, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळांत आणि पुढे दोन वेळांत वाटा.

> तपासा: सकाळी दिवसभराचं खाणं मोजून एका डब्यात काढा आणि घरातल्या सगळ्यांनी त्यातूनच द्यायचं. आजीने दिलेली भाकरी, मुलांनी दिलेलं बिस्किट हे सगळं त्याच मापातून वजा. गणपतीत घर माणसांनी भरतं तेव्हा हा एक डबा फार उपयोगी पडतो.

## पायरी ५: साठवण

आपल्याकडच्या बहुतेक तक्रारी इथून निघतात आणि दोष मात्र कंपनीला मिळतो. जुलैमध्ये पडवीत पंधरा दिवस उघडी राहिलेली पिशवी हातात घेऊन पाहा. वरचे दाणे बोटांत दाबले तर कटकन तुटत नाहीत, चिवट वाकतात. पिशवीच्या आतल्या बाजूला तेलकट थर चिकटलेला असतो. नाकाशी नेलं तर जुन्या खोबरेल तेलाचा वास येतो. हा खवट वास म्हणजे स्निग्धांश हवेने बिघडल्याची खूण. तळाशी दाण्यांचे गठ्ठे झाले असतील तर बुरशीची शक्यता आहे, आणि काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताचं विष तयार करतात. ते शिजवून, भाजून किंवा उन्हात घालून जात नाही. गठ्ठे काढून उरलेलं घालणं हीच मोठी चूक. अशी सगळी पिशवी टाका, आणि कोंबड्यांनाही घालू नका.

काय करायचं ते असं:

१. पावसाळ्यात अशी पिशवी घ्या जी उघडल्यापासून तीन-चार आठवड्यांत संपेल. वरच्या १५ किलोच्या कुत्र्याला महिन्याला सात किलो लागतं. त्याच्यासाठी वीस किलोची पिशवी स्वस्त पडत नाही.

२. खाद्य पिशवीसकट ड्रममध्ये ठेवा. ड्रममध्ये नुसतं ओतलं की आधीच्या खाद्याचं तेल तळाशी राहतं, नवं लवकर खवट होतं, शिवाय तारीख आणि बॅच क्रमांक फेकला जातो. दर वेळी हवा काढून पिशवीचं तोंड गुंडाळा, चिमटा लावा, मग झाकण.

३. ड्रम जमिनीवर नको, ओल येणाऱ्या भिंतीला टेकून नको, चुलीजवळ नको. फळीवर किंवा विटांवर, घरात सगळ्यात कोरड्या खोलीत ठेवा.

४. कोरड्या हाताने किंवा कोरड्या वाटीने काढा. ओली वाटी आत जाणं पुरेसं असतं.

५. पावसात घाटात दरड आली की कुरिअर थांबतं. निदान दहा दिवसांचं खाद्य शिल्लक असतानाच पुढची मागणी नोंदवा, नाहीतर एका दिवसात खाणं बदलायची वेळ येते.

> थांबा: उरलेलं खाणं आणि पाण्याचं भांडं रात्री खळ्यात किंवा पडवीत ठेवू नका. उंदीर येतात, आणि उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पावसाळ्यात त्याची भीती माणसांना असते तशीच कुत्र्यांनाही. अर्ध्या तासात न खाल्लेलं उचला, भांडं साबणाने धुवा, आणि कुत्र्याच्या वार्षिक लसीत लेप्टो आहे का ते डॉक्टरांना विचारा.

## पायरी ६: घरचं शिजवणार असाल तर

हे प्रौढ, निरोगी कुत्र्यापुरतं आहे. १५ किलोच्या कुत्र्याला दिवसभरासाठी सुरुवात म्हणून: हाडाविना कोंबडी २५० ग्रॅम (कच्च्या वजनाने), शिजलेला भात २५० ग्रॅम, लाल भोपळा किंवा दुधी ७५ ग्रॅम, एक उकडलेलं अंडं, कोंबडीचं थोडं काळीज, एक लहान चमचा तेल. यातून साधारण ८०० किलोकॅलरी मिळतात. मीठ, मसाला, कांदा, लसूण, वाटण काही नाही.

कॅल्शियमसाठी अंड्याचं कवच धुवून, उकळून, वाळवून मिक्सरमध्ये पिठासारखं दळा. एका सपाट लहान चमच्यात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. वरच्या जेवणाला अर्धा चमचा. एवढं करूनही जस्त, आयोडीन, ई जीवनसत्त्व यांसारखे घटक कमी पडतात, म्हणून ही पाककृती आणि कुत्र्याचं वजन घेऊन एकदा डॉक्टरांकडे जा आणि कोणतं मिश्रण किती घालायचं ते लिहून घ्या.

मासा. तारली, बांगडा यांसारखे लहान मासे आठवड्यातून दोनदा कोंबडीच्या जागी चांगले. त्यांत ओमेगा-३ भरपूर असतं. सुरमई, मोरी यांसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो, ते नेहमी नकोत. मासा नेहमी शिजवूनच द्या. काही कच्च्या माशांत थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, तो शिजवल्याने जातो. याउलट बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात तयार होणारं हिस्टामिन हे बाधणारं द्रव्य शिजवूनही जात नाही. तेव्हा ‘आपल्याला नको, कुत्र्याला होईल’ म्हणून बाजारातून वास मारणारा मासा आणू नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असताना मिळणारी मासळी बहुधा साठवणीतली असते, त्या काळात विशेष लक्ष ठेवा.

डोकी आणि काटे तसेच टाकू नका. मास शिजल्यावर ताटलीत पसरून बोटांनी चाचपा. मधला काटा काढला तरी बरगडीचे बारीक काटे मासात राहतात आणि गालफडाची कडक झाकणं घशात आडवी बसतात. खारवलेले सुके मासे मिठामुळे नकोत.

कोंबडीची शिजलेली हाडं कधीच नाही. शिजल्यावर ती टोकदार चिरफळ्या होऊन फुटतात.

> थांबा: श्रावणात घरात मासळी-मटण बंद होतं आणि त्याच दिवशी कुत्राही वरण-भातावर येतो. त्याचं खाणं वेगळं शिजवणं शक्य नसेल तर आषाढी अमावस्येच्या आठ दिवस आधीपासून पुढच्या पायरीप्रमाणे तयार खाद्यावर न्या.

## पायरी ७: बदल हळूहळू करा

पहिले दोन दिवस नवं खाद्य पाव, जुनं पाऊण. पुढचे दोन दिवस निम्मं-निम्मं. मग दोन दिवस नवं पाऊण. सातव्या दिवशी पूर्ण नवं. पोट नाजूक असेल तर हेच दहा-बारा दिवसांवर न्या. शौच पातळ झालं तर पुढे जाऊ नका, आधीच्या प्रमाणावर दोन दिवस थांबा.

बाहेरून आणलेलं पिल्लू असेल तर आधीच्या घरी काय खात होतं ते विचारा आणि त्यातलं आठवडाभराचं बरोबर मागून घ्या. जागा, माणसं आणि खाणं तिन्ही एकाच दिवशी बदललं की पोट बिघडतं. दात येणाऱ्या पिल्लाला कोरडे दाणे कोमट पाण्यात भिजवून द्या, उकळत्या पाण्यात नको. भिजवलेलं आपल्या उकाड्यात लवकर आंबतं, ते पुढच्या वेळेसाठी राखू नका.

## परड्यात, किनाऱ्यावर आणि सणात काय दूर ठेवायचं

कांदा, लसूण (शिजवलेलेही, म्हणजे कालवणही), द्राक्षं, मनुका, बेदाणे, चॉकलेट, चहा-कॉफी आणि झायलिटॉल असलेलं बिनसाखरेचं च्युइंगगम हे सगळ्याच कुत्र्यांना विषारी. त्यात आपल्याकडची भर अशी: बेदाणे आणि जायफळ पडलेला नैवेद्य कुत्र्याला देऊ नका, जायफळही त्यांना बाधतं. आंब्याचा गर थोडा चालतो, पण बाठा गिळला गेला तर आतड्यात अडकतो. फणसाची आठळीही तशीच. कच्च्या काजूबियांच्या टरफलातला चीक तोंड आणि आतडं पोळतो, वाळत घातलेल्या बियांपासून दूर ठेवा.

किनाऱ्यावर फिरायला नेताना गोडं पाणी बरोबर घ्या. तहानलेला कुत्रा खारं पाणी पितो, त्याने उलट्या-जुलाब होतात आणि जास्त प्यायला तर मिठाची विषबाधा होते. रापणीनंतर वाळूत टाकलेल्या मासळीत फुगलेला केंड मासा असू शकतो. त्याचं विष शिजवूनही जात नाही. कुत्र्याने तो चावला, लाळ गळायला लागली, पाय लटपटायला लागले तर वाट न पाहता दवाखाना.

## पायरी ८: तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा

वही काढा. वजन, बरगड्या, कंबर पुन्हा पाहा. शौच घट्ट, आकार धरणारं, उचललं तर जमिनीवर फारसा डाग न राहणारं असावं. केस चकचकीत, अंग खाजवणं नेहमीइतकंच. प्रौढ जाड होत असेल तर माप दहा टक्क्यांनी कमी करा, बरगड्या दिसत असतील तर तेवढंच वाढवा, आणि पुन्हा तीन आठवडे थांबा. पिशवी बदलण्याआधी नेहमी माप बदलून पाहा. पंजे चाटणं, कान पुन्हा पुन्हा खराब होणं चालूच राहिलं तर खाद्याची अ‍ॅलर्जी असेलही, पण पिसवा आणि पावसाळी बुरशी आधी तपासून घ्या.

काही लक्षणं खाण्याच्या खात्यावर टाकू नका. पिल्लाला उलट्या, रक्ताचे जुलाब आणि मलूलपणा एकदम आला, विशेषतः लस पूर्ण नसताना, तर तो पार्व्हो हा विषाणूचा आजार असू शकतो. पेज पाजून उद्याची वाट पाहू नका, त्यात तासांना किंमत असते. डॉक्टरांकडे जाताना लसीचं कार्ड, वही, वापरातल्या खाद्याच्या पिशवीवरील तारीख-बॅचचा फोटो आणि मूठभर खाद्य बंद पिशवीत बरोबर घ्या. शेवटचं कधी खाल्लं, कधी प्यालं आणि दोन दिवसांत वेगळं काय पोटात गेलं, हे निघण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारून लिहून ठेवा.